वालपाराइसोच्या वळणावरचा देव

महाडच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो तेव्हा चिली हा देश मुलांच्या लक्षात राहावा म्हणून फळ्यावर गांडूळ काढायचो. उभं, लांबच लांब, समुद्राला चिकटलेलं गांडूळ. मुलं हसायची आणि परीक्षेत बरोबर जागी नाव लिहायची. त्या गांडुळाच्या पोटाशी वालपाराइसो नावाचं डोंगराळ बंदर आहे, तिथल्या भिंती न् भिंती रंगवलेल्या आहेत, आणि माझा एकुलता एक मुलगा पुढे तिथे जाऊन राहणार आहे, असं तेव्हा वर्गातल्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मुलगा तिथे बंदरात कामाला आहे. जहाजावरून उतरणारे कंटेनर कुठे ठेवायचे आणि कशावर काय रचायचं हे कॉम्प्युटरवर ठरवणाऱ्यांपैकी तो एक. लग्न केलेलं नाही. त्याबद्दल विचारलं की तो चहा ठेवायला उठतो. गेल्या पौषात त्याने तिकीट पाठवलं आणि मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीतून निघालो, विमानांमागून विमानं बदलली आणि गुडघा धरत धरत तिथे पोचलो. वाडीत सगळ्यांना वाटलं, मास्तर म्हातारपणी जग बघायला निघाले. मला जग बघायची काडीची हौस नव्हती. मला मुलाला शिमग्याला घरी बोलवायचं होतं आणि ते फोनवर जमत नव्हतं.

आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. अंगणात आली की त्या घरच्या पुरुषाने पुढचा दांडा आपल्या खांद्यावर घ्यायचा आणि पालखी उंबऱ्यापर्यंत आणायची. मुंबईला असलेली पोरं त्यासाठी नोकरीवर काहीबाही थापा मारून येतात. गणपतीला एखादा चुकेल, पण आपल्या अंगणातल्या पालखीला कुणी चुकत नाही. मागच्या वर्षी ऐन शिमग्याच्या तोंडावर माझी बायको गेली. घरात सुतक, म्हणून पालखी आमच्या अंगणात वळलीच नाही, वाटेवरूनच पुढे गेली. मी दार लावून आत बसलो होतो आणि ढोल लांब जाताना ऐकत होतो. मुलगा मयताला पोचू शकला नाही, नंतर आला आणि तेरावं झाल्यावर परत गेला.

यंदा पालखी पुन्हा येणार होती. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दांडा काही मला पेलणार नव्हता. निघताना चुलतभाऊ म्हणाला, "पोरगा येतोय का नाय ते इचारून ये. नायतर आमी हाव की रे खांद्याला, तू कशाला फिकीर करतोस?" तो भल्या मनानेच बोलला. पण माझ्या अंगणात, माझ्या उंबऱ्यासमोर, उसना खांदा? ते काही माझ्या घशाखाली उतरेना. आणि खरं सांगायचं तर प्रश्न नुसत्या पालखीचा नव्हता. त्या घरात मला एकट्याला राहवत नव्हतं. निदान चार दिवस तरी माझं कुणी त्या ओट्यावर बसलेलं मला हवं होतं.

एवढं मनाशी धरून गेलो, आणि मुलाने मला पर्यटक करून टाकलं.

सकाळी कामावर निघताना तो विचारायचा, "बाबा, आज कुठला डोंगर?" कारण ते गाव म्हणजे सगळे डोंगरच. समुद्रापासून थोडी सपाट जागा सोडली की लगेच चढ. प्रत्येक डोंगराला वेगळं नाव, वेगळी वस्ती. त्याने मला रोज एक डोंगर नेमून द्यायचा आणि संध्याकाळी काय काय बघितलं ते विचारायचं. आयुष्यभर गृहपाठ दिला, त्याची अशी फेड झाली. मी इमानदारीत फिरायचो. तिथली घरं बघून पहिल्या दिवशी मला हसूच आलं. आपण पत्रे डोक्यावर घालतो, हे लोक भिंतींना बाहेरून ठोकतात, आणि त्यावर पिवळा, जांभळा, पोपटी, मनात येईल तो रंग फासतात. जिथे पत्रा नाही तिथे चित्र. एका भिंतीवर तीन मजली देवमासा, दुसरीवर एक बाई, तिच्या केसांत अख्खं गाव वसवलेलं, बोळाच्या तोंडाशी डोळे मिटलेला म्हातारा. एक जिना पेटीच्या पट्ट्यांसारखा काळापांढरा रंगवलेला. त्यावर तरुण मुलंमुली बसून फोटो काढून घेत होती. म्हटलं आपणही घ्यावा. पण काढणार कोण? शेवटी मी नुसत्या पायऱ्यांचा काढला आणि त्यात माझे बूट आले.

आमच्या महाडात भिंतीवर दोनच गोष्टी असतात. एक जाहिरात आणि दुसरी, सावित्री नदीच्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ. शाळेत एका भिंतीवर अशा रेघा एकावर एक होत्या आणि पोरं आपली उंची त्यांच्याशी लावून बघायची. आमची चित्रकला तिथे संपली. त्यामुळे हे सगळं बघून डोळे दिपले नाहीत असं मी म्हणणार नाही. डोंगर चढायला रुळांवरून तारेने ओढले जाणारे लाकडी डबे होते. त्यांचं मात्र मुलाने फार कौतुक सांगितलं होतं, तेव्हा मी त्याला ऐकवलं की पाचाडच्या बाजूने रोपवेत बसून रायगड चढलेल्या माणसाला असल्या डब्याचं कौतुक सांगू नये. तो हसला. त्याच्या आईने ऐकलं असतं तर म्हणाली असती, "रोपवेत डोळे मिटून कोण बसलेलं, ते पन सांगा की."

बघायला खूप होतं. पण चांगलं काही दिसलं की मी बाजूला वळायचो, "अगो, हे बघ" म्हणायला. रोज. तोंड उघडायच्या आत कळायचं की बाजूला कुणी नाही. इतकी सुंदर चित्रं, आणि मला तिथे रडायला यायचं. परक्या देशात म्हातारा माणूस भिंतीकडे बघून रडतोय म्हटल्यावर लोक थांबतात, काहीतरी विचारतात, आणि आपल्याला त्यातलं अक्षर कळत नाही. म्हणून मी गॉगल घालून फिरायला लागलो.

संध्याकाळी मुलगा यायचा, भात टाकायचा, मी डाळीला फोडणी द्यायचो. जेवताना तो माझा डोंगर ऐकून घ्यायचा आणि मी शिमग्याचा विषय ओठांवर आणून परत गिळायचो. "तिकडे आता हवा कशी असेल?" इथवर यायचो. "आंब्याला मोहर आला असेल," इथवर. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात माझा हात कुणी धरला नसता. तो 'नाही' म्हणेल याची मला भीती वाटत होती. विचारलं नाही तोवर तो येण्याची आशा तरी होती.

असं असताना मला तो देव सापडला.

एका उतारावर बसचा रस्ता एकदम वळतो. त्या वळणावर, भिंतीच्या पायथ्याशी, गुडघाभर उंचीचं पत्र्याचं घर होतं. आत मेणबत्त्या, प्लास्टिकची फुलं, पाण्याची बाटली, एक टोपी. वर भिंतीवर मोठं चित्र: एक तरुण देखणा पुरुष, डोक्यामागे पिवळं तेज, आणि पायांशी कुत्री. मी जागच्या जागी थांबलो. वरंध्याच्या घाटात वाघजाईसमोर गाडी हळू केल्याशिवाय आमच्याकडचा ड्रायव्हर पुढे जात नाही. रस्त्याच्या वळणावर राखणदार असायचाच, त्याशिवाय रस्ता चालतो कसा? आणि पायांशी कुत्री म्हणजे तर दत्तगुरूंचाच कुणी भाऊबंद. घरावर एक पाटी होती. अक्षरं इंग्रजी, म्हणून नाव वाचता आलं. खाली दोन सालं होती. आमच्या गावच्या देवळावरही दोन सालं कोरलेली आहेत, एक स्थापनेचं आणि एक जीर्णोद्धाराचं. मला वाटलं, देऊळ फार जुनं नाही, पण गावकऱ्यांनी लगेच जीर्णोद्धार केला म्हणजे देव नक्की पावत असणार.

मी बूट काढले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, तू इथला राखणदार, मी परमुलखातला. माझं पोर तुझ्या हद्दीत हाय. त्याला यंदा शिमग्याला घरी धाड. येवडंच मागतो."

मन एकदम हलकं झालं. इतक्या दिवसांत जे मुलाला बोलता आलं नाही ते कुणापाशी तरी बोलून झालं होतं. मग मी रोजच तिथे जायला लागलो. नेमून दिलेला डोंगर भरभर उरकायचा आणि देवाकडे यायचं. नारळ कुठे मिळेना, म्हणून संत्रं ठेवायचो.

काही दिवसांनी एक बाई आली. माझ्याच वयाची, कापलेले पांढरे केस, उन्हातसुद्धा काळा स्वेटर, हातात बादली आणि फडकं. तिने आधी माझी प्रार्थना संपू दिली. मग माझ्या उघड्या पायांकडे बघितलं, संत्र्याकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते. ती मेणबत्त्यांचं मेण खरवडायला लागली तेव्हा मी ओळखलं, ही इथली गुरवीण. जाताना तिने मला एक पीच दिला. मी तो प्रसाद म्हणून कपाळाला लावला आणि तिथेच खाल्ला.

त्यानंतर ती रोज त्याच वेळेला यायची. तिने कुठूनतरी दोन घडीच्या खुर्च्या आणल्या. आम्ही वळणावर बसायचो, खाली समुद्र, बसेस येताजाताना करकचून ब्रेक मारायच्या. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. कळायचं कुणालाच नव्हतं, तर मग शुद्ध तरी कशाला बोलायचं, म्हणून मी आमच्या वाडीचं बोलायचो. जन्मभर पोरांना "नाय नव्हे, नाही" असं बजावलेला माणूस मी. तिला म्हणायचो, "काय सांगू बाय तुला, घर नुस्तं खायाला उठतं. सकाळी दोन कप चहा ठेवतो नि मग एक ओतून देतो." ती मान डोलवायची आणि भिंतीकडे हात करून लांबलचक काहीतरी सांगायची. मला वाटायचं, देवाचा महिमा सांगतेय. त्या गावात तेवढाच वेळ मला एकटं वाटायचं नाही.

परतीचं तिकीट जवळ आलं. एका शनिवारी मुलाला सुट्टी होती. मी म्हटलं, "चल, आज मी तुला डोंगर दाखवतो." तो कौतुकाने माझ्यामागून आला. माझा बेत असा होता की देवासमोर उभा राहून विचारून टाकायचं. देवासमोर कुणाला खोटं बोलता येत नाही, आणि विचारणाऱ्यालाही धीर येतो.

वळणावर पोचलो, मी बूट काढले. मुलगा वाकून पाटी वाचत होता. तो तसाच वाकलेला राहिला आणि मग हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही इथे रोज येऊन काय करता?"

"गाऱ्हाणं घालतो. का रे?"

"हा देव नाही, बाबा." तो उभा राहिला. "इथे एका मुलाला बसने उडवलं. ही त्याची जागा. रस्त्यात कुणी गेलं की इथले लोक त्या जागेवर असं छोटं घर बांधतात. ही सालं त्याच्या जन्माचं आणि गेल्याचं. चित्र त्याच्या मित्रांनी काढलं असेल, त्याच्या कुत्र्यांसकट."

मी एक बूट हातात घेऊन उभा होतो. दोन सालांची वजाबाकी आता मला करता आली. माझ्या मुलापेक्षाही लहान होता तो. आणि तितक्यात ती बादली घेऊन उतारावरून आली, मला बघून नेहमीसारखी हसली, आणि मला ती कोण ते कळलं.

ती मुलाशी बोलायला लागली. इतक्या दिवसांत तिला कळणारं बोलणारा माणूस पहिल्यांदाच माझ्याबरोबर आला होता, त्यामुळे ती थांबेचना. मुलगा माझ्याकडे वळला. "विचारतेय, तुम्ही तिच्या मुलाला कुठून ओळखता? तिला वाटतंय, तो बंदरावर कामाला होता तेव्हा तुम्ही एखाद्या जहाजावर होता. एवढ्या लांबून त्याच्यासाठी येता म्हणून ती सगळ्यांना सांगते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सांग तिला, मी ओळखत नाही. मी देव समजलो. चुकलं माझं म्हणावं, माफ कर."

त्याने सांगितलं. तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता बादली माझ्या अंगावर ओतणार आणि ओतली तरी ते बरोबरच आहे. पण तिने तोंडावरचा हात काढला आणि काहीतरी विचारलं.

"विचारतेय, देव समजलात तर मग मागितलंत काय?"

दोन महिने जे शब्द मुलापुढे फुटत नव्हते ते आता त्याच्याच तोंडून त्या बाईला सांगायचे होते. पळायला जागा नव्हती. मी भिंतीकडे बघून बोललो. "सांग तिला, माझ्या मुलाला शिमग्याला घरी पाठव, असं मागितलं. रोज हेच मागितलं. बायको गेल्यापासून मला त्या घरात राहवत नाही म्हणावं."

मुलगा तिच्याकडे वळला. मग बोलायला लागला तो हळूहळू, मध्येच अडत. शिमगा म्हणजे काय हे त्याला हातवारे करून सांगावं लागलं. दांडा खांद्यावर घेतल्यासारखं त्याने करून दाखवलं, तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि पत्र्याच्या घरातली टोपी उचलून झटकून परत ठेवली.

"ती म्हणते," मुलगा टोपीकडे बघत म्हणाला, "तिच्या मुलाकडे आजपर्यंत कुणी काही मागितलं नव्हतं. तिला फार बरं वाटलं."

मग तिने आणखी एक प्रश्न विचारला. तो मला मराठीत करून सांगावाच लागला नाही, कारण मुलाने उत्तर म्हणून फक्त स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिने त्याच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या दंडावर एक सणसणीत चापट मारून, रडता रडता हसत, मोठ्याने काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली रे?"

"म्हणाली, रडतोस काय म्हाताऱ्या, हा तर तुझ्या शेजारी उभा आहे."

तिचं खरं होतं. तिला तेवढं मिळालं असतं तर तिने आणखी काही मागितलं नसतं. मी मान खाली घातली. पण शिमग्याला माझ्या अंगणात माझ्या शेजारी कुणी उभं असणार नव्हतं, हेही खोटं नव्हतं, आणि ते दुःख तिच्यासमोर लहान दिसलं म्हणून काही कमी झालं नाही.

तिचा निरोप घेऊन आम्ही जिन्याने खाली निघालो. मधल्या एका पायरीवर मुलगा थांबला. "बाबा, शिमग्याला नाही जमणार मला. रजा नाही असं सांगणार होतो. मागितली तर मिळेल. पण आई नसलेल्या त्या घरात मला यायचं नाही. तेराव्यापर्यंत राहिलो ना, तेवढंच कसंबसं झालं."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"तुम्हीच राहा ना इथे," तो म्हणाला. "जायचंच कशाला? खोली आहे. रोज घरी आल्यावर कुणी असतं, किती बरं वाटतं. मी काय, इथे एकटाच असतो."

'एकटा' हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. इतके दिवस मी माझंच घेऊन बसलो होतो. संध्याकाळी माझा डोंगर तो एवढा मन लावून का ऐकायचा, हे मला तेव्हा कळलं. 'हो' म्हणावं असं आतून फार वाटलं, अगदी ओठांवर आलं. पण मागच्या वर्षी पालखी आमच्या दारावरून गेली ती सुतकामुळे. यंदा कुलूप बघून गेली, की आमचं घर वाटेतून गळलं. मग ढोलवाले त्या वळणावर मानसुद्धा वळवत नाहीत. माझ्या बायकोने चाळीस वर्षं सारवलेला उंबरा तो. माझ्याने लंगडत का होईना, उसन्या खांद्याने का होईना, पण दार उघडं ठेवून उभं राहायलाच हवं होतं.

"नाय रे," मी म्हटलं, "नाय जमायचं."

त्याने का म्हणून विचारलं नाही. मी हलवली होती तशीच मान हलवली. जो शब्द ऐकायच्या भीतीने मी दोन महिने तोंड मिटून बसलो होतो तो शेवटी मीच माझ्या पोराला ऐकवला, आणि ऐकून त्याने माझं कोपर धरलं, कारण पुढच्या पायऱ्या उंच होत्या.